ब्रश फिरत नाही? आधी टोकाची टोपी काढून बघा

बी-३०२: कॉर्डलेस व्हॅक्यूम दुरुस्त करणारं कुणी माहितीये का? मशीन खेचतंय नीट, पण खालचा ब्रश फिरत नाही. दोन सेकंद गुरगुरतो, लाल दिवा लागतो आणि थांबतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पुढचं अख्खं हेड बदला, ४,८०० रुपये. मशीन घेऊन दीड वर्षही झालं नाही.

डी-१०१: आमचंही हेच झालं होतं. कंटाळून नवीन हेड घेतलं.

ए-७०४: ताई, पैसे भरू नका अजून. खेचतंय म्हणजे वरची मोटर ठणठणीत आहे. ब्रशची छोटी मोटर वेगळी असते, हेडमध्येच. ब्रश जाम झाला की तिच्यावर लोड येतो आणि ती जळू नये म्हणून मशीन तिला बंद करतं. लाल दिवा बहुतेक त्याचाच. ब्रश बाहेर कधी काढला होता?

बी-३०२: काका, दर रविवारी डबा रिकामा करते, फिल्टर धुते, ब्रशवरचे केसही कात्रीने कापते. बाहेर मात्र कधीच नाही काढला. निघतो का तो?

ए-७०४: निघतो. हेड उलटं करा, कडेला गोल खाच असेल, त्यात रुपयाचं नाणं घालून फिरवा. काहींना खटका असतो. पण त्याआधी हेड नळीपासून सोडवा. बोटं ब्रशपाशी असताना चुकून बटण दाबलं जायला नको. वायरचं मशीन असेल तर प्लग काढूनच हात लावायचा.

बी-३०२: निघाला! पण मधे तर स्वच्छच दिसतोय.

ए-७०४: मधे नाही, टोकाला बघा. लांब केस फिरता फिरता कडेला सरकतात आणि टोपीच्या आत बेअरिंगवर गुंडाळले जातात. वरून दिसत नाहीत. टोपी ओढून काढा.

बी-३०२: 📷 अरे देवा. काळी चकतीच झालीये, नमद्यासारखी घट्ट. नखाने हलत नाही. आत पोपटी दोरा पण आहे, पाडव्याला नेसले होते त्या साडीच्या फॉलचा!

सी-५०१: कात्री घालू नकोस गं, रिपर घे, शिवण उसवायचा. माझ्या पिकोच्या डब्यात दोन आहेत, मुलाला पाठव. टोक केसांखाली सरकव, धार वरच्या बाजूला ठेव आणि दांड्याच्या लांबीत ओढ. आडवं कापलंस तर ब्रशचे तंतूच कापले जातील.

ए-७०४: वहिनी अगदी बरोबर सांगतायत. ताई, केस निघाले की दोन्ही टोकं बोटांत धरून बेअरिंग फिरवा. हलकं फिरलं तर उत्तम. खरखर लागली किंवा टोपीची कडा वितळलेली दिसली तर तेवढा ब्रश बदलावा लागेल, अख्खं हेड नव्हे. हे माझ्या घरी झालंय म्हणून सांगतो. आमचं जुनं उभं मशीन बेल्टवर चालायचं. रबर जळाल्याचा वास दोन-तीन दिवस येत होता, मी म्हटलं नवीन गालिच्याचा असेल. केसांनी ब्रश अडवला होता, मोटर फिरतच होती, बेल्ट घासून तुटला आणि टोपी वितळून दांड्याला चिकटली. ३१ वर्षं कंपनीत मेन्टेनन्सला काढून मला घरातला वास ओळखता आला नाही, याचं फार वाईट वाटलं. जळका वास आला की तिथल्या तिथे बंद करा.

ई-६०३: काका, आमचा मऊ कापडी रोलर आहे. धुतला तर चालतो का?

ए-७०४: पुस्तिकेत धुवा म्हटलं असेल तर फक्त रोलर धुवा. मोटर असलेलं हेड नळाखाली अजिबात धरू नका. रोलर उभा ठेवून पूर्ण २४ तास वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस. ओला बसवलात तर कुबट वास येतो आणि धुळीचा चिखल होतो.

डी-१०१: आईकडे पिशवीवालं मशीन आहे. त्याचा गालिच्याचा ब्रश पण मंद फिरतो. त्यात तर मोटरच नाही.

ए-७०४: तो हवेवर फिरतो, आत छोटा पंखा असतो. आधी पिशवी भरलीये का बघा. खेचणं कमी झालं की ब्रश आपोआप मंदावतो. नंतर पंख्यात धागा अडकलाय का ते पाहा.

जी-२०२: आमच्या रोबो व्हॅक्यूमला मांजरीच्या केसांमुळे दर चार दिवसांनी हेच करावं लागतं. बाजूचा तीन पायांचा छोटा ब्रशही काढा, त्याच्या स्क्रूखाली केसांची गाठ बसते.

बी-३०२: झालं! बेअरिंग हलकं फिरतंय, वितळलेलं काही नाही. आधी बसवल्यावर पुन्हा लाल दिवा लागला, पोटात गोळाच आला. मग दिसलं, टोपी उलटी बसली होती. आता पहिल्यासारखा फिरतोय. काका, काकू, खरंच खूप आभार 🙏

ए-७०४: छान झालं. लांब केसांचं घर असेल तर महिन्यातून एकदा टोपी काढत जा. रांगोळी, गजऱ्याचा दोरा, संक्रांतीचा मांजा हाताने उचलूनच मशीन फिरवा.

डी-१०१: आमचं बदललेलं जुनं हेड माळ्यावर पडलंय अजून. उतरवतो आत्ताच. रिपर कुणाकडे आहे?

सी-५०१: एक ३०२ कडे, एक माझ्याकडे. ये घेऊन जा. संध्याकाळी परत दे मात्र, चार साड्यांचे फॉल बाकी आहेत.