मदत हवी आहे: क्लाउनफिशची अंडी फुटत नाहीत, क्लीनर श्रिंप दिवसा बाहेर येत नाहीत. लाइटमुळे असेल का?

नमस्कार मंडळी,

खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणाऱ्या जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. टँक तीन फुटी, अंदाजे 190 लिटरचा, ठाण्याला आमच्या हॉलमध्ये आहे. ओसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश आणि पाठीवर पांढरा पट्टा असलेले दोन लाल क्लीनर श्रिंप. बाकी फक्त लाइव्ह रॉक, म्हणजे उपयुक्त जिवाणू वस्तीला असलेले समुद्री दगड. कठीण कोरल (प्रवाळ) आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे ते ठेवण्याचा प्रश्नच नाही. तापमान 26-27, सॅलिनिटी (खारटपणा) 1.025, अमोनिया-नायट्राइट शून्य. पाण्याची शंका येऊ नये म्हणून हे आधीच लिहिते.

दिवाळीच्या सुमारास जुना पांढरा एलईडी गेला. त्याच्या जागी रीफ टँकसाठीचा (कोरलच्या टँकसाठीचा) निळा-पांढरा लाइट आणला, मोबाइलवरून चालणारा. सकाळी नऊला लागतो, रात्री नऊला दिवसाचा लाइट बंद होतो. तेव्हापासून वागणं बदललं आहे.

आधी दोन्ही श्रिंप दिवसभर दगडाच्या पुढच्या कडेवर मिशा हलवत बसायचे. मासे आपणहून समोर येऊन थांबायचे आणि अंग साफ करून घ्यायचे. मी हात घातला तर माझ्या नखांभोवतीही टोकरायचे. आता लाइट असेपर्यंत कपारीच्या छताला उलटे चिकटून असतात. खाणं टाकलं तर एखादा अर्धामुर्धा बाहेर येतो, तुकडा उचलतो की परत आत. रात्री मात्र टँकभर फिरतात. फायरफिश तर सकाळी लाइट पेटताक्षणी उसळी मारतो. वर जाळी आहे म्हणून वाचला.

दुसरी गोष्ट जिवाला जास्त लागली आहे. क्लाउनफिश एका मातीच्या कुंडीवर अंडी घालतात. नर पंखांनी त्यांना वारा घालतो, खराब झालेली तोंडाने वेचून काढतो. अंडी आधी केशरी असतात, मग काळपट होतात आणि आठवडाभरात आत चंदेरी डोळे चमकू लागतात. म्हणजे पिल्लू तयार असतं, पण बाहेर येत नाही. सकाळी पाहावं तर अंडी तशीच. एक-दोन दिवसांत पांढरी पडतात आणि शेवटी नरच ती खाऊन टाकतो. जुन्या लाइटच्या वेळी पिल्लं निघत होती.

समुद्रात ही अंडी सूर्यास्तानंतर अंधारात फुटतात, त्यामुळे नजरेने शिकार करणाऱ्या माशांपासून पिल्लं निसटू शकतात, असं वाचलं. 2019 मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात, रात्री कृत्रिम उजेड ठेवलेल्या टाक्यांमध्ये ओसेलॅरिसचं एकही अंडं फुटलं नव्हतं. वाचून धस्स झालं. कारण याच सुमारास आई आमच्याकडे राहायला आली. ती हॉलमध्ये झोपते, रात्री दोन-तीनदा उठते, गुडघे दुखतात, म्हणून झिरोचा बल्ब रात्रभर चालू असतो. तो बंद कर असं मी तिला सांगणार नाही.

तर दोष नव्या लाइटचा की झिरोच्या बल्बचा? आणि आईची सोय राखून टँकला अंधार कसा देता येईल?

प्रतिसाद 1

ताई, रात्री नऊनंतर लाइट पूर्ण बंद होतो की ‘मूनलाइट’वर जातो? आणि सकाळी हळूहळू वाढतो की एकदम पेटतो?

धागाकर्ती

सकाळी एकदम पेटतो. रात्री मंद निळा राहतो, हो. इतका मंद की मला जेमतेम मासे दिसतात, म्हणून त्याचा विचारच केला नाही.

प्रतिसाद 1

मग आधी तोच बंद करा. निळा उजेड आपल्या डोळ्यांना मंद वाटतो, पण पाण्यात लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो आणि निळा खोलवर पोचतो. रीफवरच्या प्राण्यांचे डोळे त्या निळ्या-हिरव्या उजेडालाच जास्त संवेदनशील असतात. खऱ्या पौर्णिमेचा उजेडही 0.3 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर सहसा जात नाही आणि तोसुद्धा रोज नसतो. तुमच्या टँकमध्ये अमावास्या येतच नाही.

श्रिंपचं म्हणाल तर कोळंबीच्या संयुक्त डोळ्यात उजेड अडवणारं रंगद्रव्य असतं. अंधारातून उजेडात येताना ते सरकायला वेळ लागतो. एकदम झोत पडला की ती आडोसा धरणारच. अ‍ॅपमध्ये सकाळ-संध्याकाळ एकेक तासाचा चढ-उतार लावा. शिवाय रीफ लाइटची ताकद असते कोरलसाठी. तुमच्याकडे कोरल नाही, तेव्हा 20-30 टक्क्यांवर आणा आणि बारा तासांचे आठ-नऊ करा. माशांना तेवढा पुरतो. दोन आठवडे तरी थांबा, श्रिंप लगेच कडेवर येऊन बसणार नाहीत.

आईंच्या बल्बला मी निर्दोष म्हणणार नाही, पण तो काढायची गरज नाही. हॉलमधला काढून पॅसेजमध्ये जमिनीलगत लावा, लाल किंवा गडद पिवळा, टँकच्या तळापेक्षा खाली. पाय कुठे पडतोय ते त्यांना उलट जास्त नीट दिसेल. चंदेरी डोळे दिसू लागले की रात्री टँकला चहूबाजूंनी जाड काळं कापड लावा, वरची बाजू हवेसाठी थोडी मोकळी ठेवा. मध्येच पाहायचं असेल तर लाल टॉर्च वापरा.

लाइट गेल्यावर एक-दोन तासांत पिल्लं निघतात. ती उजेडाकडे ओढली जातात, म्हणून सगळी बाहेर आल्यावरच एका कोपऱ्यात टॉर्च धरा, तिथे गोळा होतील, मग मगाने उचला. फिल्टरचा पंप त्याआधी बंद करा. आणि रोटिफर (पिल्लांना खायला देतात ते अतिसूक्ष्म जीव) आत्तापासून वाढवायला घ्या. पिल्लांना पहिल्याच दिवशी खाणं लागतं आणि आर्टेमिया (त्याहून मोठे, कोळंबीसारखे बारीक जीव) तेव्हा त्यांच्या तोंडात मावत नाही.