मदत हवी आहे : अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरचा महाभियोग नेमका कशासाठी?

नमस्कार मंडळी. अमेरिकी यादवीनंतरच्या पुनर्रचनेच्या काळावर वाचन चालू आहे आणि एका जागी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया हात द्यावा.

फेब्रुवारी १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना काढलं. सिनेटच्या संमतीशिवाय असं करायला १८६७ च्या कायद्याने बंदी होती. स्टँटन हटेनात, कार्यालयातच ठाण मांडून बसले! २४ फेब्रुवारीला प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. बहुतेक कलमं याच बडतर्फीभोवती फिरतात.

पण मला खरं भांडण वेगळंच वाटतं. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचे हक्क देणारं १८६६ चं विधेयक याच माणसाने नकाराधिकार वापरून परत पाठवलं होतं. काँग्रेसने ते पुन्हा मंजूर केलं, ही गोष्ट वेगळी. मग आरोपपत्रात तो राग एवढा झाकलेला का? महाभियोगाला कायदाभंगच दाखवावा लागतो, असं तेव्हा मानत होते का?

दुसरं, सिनेटमध्ये दोषी ठरवण्याच्या बाजूने ३५, विरुद्ध १९; पण दोन-तृतीयांश मतं लागत होती. एका मताने सुटका! सात रिपब्लिकन सदस्य पक्षाविरुद्ध गेले. जॉन्सन गेले तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड थेट व्हाइट हाउसमध्ये जाणार होते. त्यांची धास्ती या सातांना कितपत होती?

मराठीत यावर सविस्तर काही असेल तर जरूर सुचवा. इंग्रजीही चालेल.