थंडीत गॅसवाली एअरसॉफ्ट गन (प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी खेळाची बंदूक) ढेपाळते का?

प्रश्न: सकाळी गारठ्यात पाच-सहा शॉट नीट जातात, मग स्लाइड (बंदुकीचा वरचा सरकणारा भाग) अर्धवटच मागे येते आणि मॅगझिन (गोळ्या आणि गॅस भरायचा भाग) हाताला बर्फासारखं लागतं. गॅस लीक होतोय का?

उत्तर १: लीक नाही रे. ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेनच, मॅगझिनमध्ये द्रवरूपात असतो, प्रत्येक शॉटला थोडा उकळतो आणि त्याला लागणारी उष्णता मॅगझिनमधूनच खेचतो, म्हणून ते गार पडतं. २० अंशाला प्रेशर साधारण ८ बार, शून्याला जेमतेम ५. मॅगझिन खिशात ठेव, पण हीटरवर अजिबात नको!

उत्तर २: म्हणून मी बॅटरीवाली घेतली. मोटर स्प्रिंग ताणते, पिस्टन हवा दाबतो, वेग स्प्रिंगवर ठरतो. ११.१ व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) लावली तर गोळ्या भराभर सुटतात, जोरात नाही.

प्रश्नकर्ता: खिशात ठेवून बघितलं, चालतंय!