रात्रीचं जागरण आणि दुपारची बिलं
रात्री शांतता असते म्हणून डिझाइनचं काम रात्रीच करावं, असं बरेच जण सांगतात. मीही चार वर्षं तेच केलं. कोल्हापुरात शाहूपुरीत घरातूनच पुस्तकांची मुखपृष्ठं करतो. रात्री दोनला निवडलेला रंग सकाळी बघितला की माझीच मला लाज वाटायची. आता पहाटे रंकाळा तलावावर एक चक्कर, मग साडेअकरापर्यंत फक्त रेखाटन, फोन दुसऱ्या खोलीत. बिलं, जीएसटी, ‘जरा नाव मोठं करा’वाले फोन हे सगळं दुपारी. तसंही तांबडा-पांढरा रस्सा ओरपल्यावर डोकं कुठं चालतंय! चहा मात्र चारनंतर बंद, कारण अंगातलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण 5 तास लागतात. आठवड्याला दोनच मुखपृष्ठं घेतो. तिसऱ्याला सरळ पुढची तारीख. त्यावरून एक गिऱ्हाईक तुटलं, तुटू दे.