मदत हवी आहे : अँटीबॉडी घातली की सोन्याचं द्रावण निळं पडतंय!!

सबमिशन_जवळ_आलंय
नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, डेंग्यूच्या एनएस१ साठी (विषाणूचं रक्तात सापडणारं प्रथिन) रक्ततपासणीची पट्टी करतेय. सोन्याचे नॅनोकण सायट्रेटने बनवले, मस्त लालचुटुक आले. पण त्यांच्यावर बसवायची अँटीबॉडी (एनएस१ ला पकडणारं प्रथिन) घातली की अर्ध्या मिनिटात जांभळं, मग निळं, आणि सकाळी तळाला काळा गाळ. तीनदा झालं. सर म्हणतात "वाच". वाचलंय हो! सोमवारी प्रेझेंटेशन आहे. कुणी केलंय का हे? प्लीज लवकर सांगा.

बाटलीधुवा
लालचुटुक म्हणजे किती? स्पेक्ट्रो (कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणं) घेतला का? शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास हवं. अँटीबॉडी किती, कशात, पीएच काय, भांडी कशाने धुतली? "अँटीबॉडी घातली" हे "भाजीत मसाला घातला" म्हणण्यासारखं झालं.

सबमिशन_जवळ_आलंय
५२१ आलं. भांडी अ‍ॅक्वा रेजियाने (सोनं विरघळवणारं जहाल आम्ल) धुतली. बाकी सगळं नेहमीचंच.

पीएचवाले_काका
नेहमीचं असं काही नसतं, ताई. सायट्रेटचं सोनं आम्लधर्मी असतं. तशा पीएचला बऱ्याच अँटीबॉडी धनभारित असतात आणि कण ऋणभारित. मग एकेक अँटीबॉडी दोन-दोन कणांना धरून बसते आणि गुठळी होते. पोटॅशियम कार्बोनेटचे थेंब टाकून साडेआठपर्यंत न्या. आणि मीटरचा इलेक्ट्रोड त्यात बुडवू नका, सोनं चिकटून तो बाद होतो. पीएच पेपर वापरा. विषय संपला.

बाटलीधुवा
काका, विषय तुमचा संपला असेल. पीएचचं असेलही, पण अर्ध्या मिनिटात निळं म्हटलं की मला आधी मिठाचा संशय येतो. हे कण एकमेकांपासून लांब राहतात ते फक्त सारख्या भारामुळे. मीठ आलं की तो भार झाकला जातो आणि सगळे येऊन चिकटतात. अँटीबॉडी कशात आहे हे अजून कळलेलं नाही.

पीएचवाले_काका
मी किट बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं काढली आहेत. दहातल्या आठ बॅचेस पीएचनेच मरायच्या.

बाटलीधुवा
आणि उरलेल्या दोन?

सांगलीचा_डॉक्टर
मूळ प्रश्न सोडून बोलतोय, पण राहवत नाही. एनएस१ तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडतो, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर मिळेलच असं नाही. त्यात आधी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर शरीरातल्या जुन्या अँटीबॉडी त्याला वेढून टाकतात आणि कार्ड (अशीच तपासणीची पट्टी) कोरं येतं. पेशंट कोरं कार्ड फडकवत कामावर जातो आणि दोन दिवसांनी उचलून आणावा लागतो. खात्रीच्या निदानासाठी सरकारी कामात एलायझाच (लॅबमधली अँटीबॉडीवर चालणारी चाचणी) धरतात, कार्ड नाही. प्रोजेक्टमध्ये नमुना तापाच्या कितव्या दिवसाचा, ही नोंद ठेवा.

पपईपान
प्लेटलेट कमी झाल्यात का? आमच्या भाच्याला पपईच्या पानांचा रस दिला, चार दिवसांत वाढल्या.

सांगलीचा_डॉक्टर
ताप उतरला की बहुतेकांच्या आपोआपच वाढतात हो. आणि इथे कुणी आजारी नाही!

शेजारचा_सोनार
मला एक सांगा, सोनं लाल कसं? आणि आजच्या भावात ही टेस्ट परवडते कशी?

बाटलीधुवा
इतके बारीक कण (पंधरा-वीस नॅनोमीटरचे) हिरवा प्रकाश गिळतात, म्हणून पाणी लाल दिसतं. कण जवळ आले की गिळण्याचा पट्टा सरकतो आणि निळं दिसतं. कोविडच्या आणि प्रेग्नन्सीच्या बऱ्याच किटांवरची लाल रेघ म्हणजे हेच सोनं. भावाचं म्हणाल तर १ मिलिमोलरचं १०० मिलि द्रावण केलं तर त्यात २० मिलिग्रॅमही सोनं नसतं. तुमच्या १० ग्रॅमच्या तोळ्यात अशा पाचशे बाटल्या होतील आणि एका पट्टीला लागतात त्यातले थोडेसे थेंब. महाग असते ती अँटीबॉडी.
जाता जाता : मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये असंच लाल सोनं केलं होतं आणि मीठ घातलं की ते निळं पडतं हेही तेव्हाच लिहून ठेवलं होतं. काकांनी नोंद घ्यावी.

वैद्यबुवा
आमचं सुवर्णभस्म म्हणजे नॅनोच की. हजारो वर्षांपूर्वी...

बाटलीधुवा
भस्माचा धागा वेगळा आहे, तिकडे १४३ प्रतिसाद झालेत. तिकडेच.

ओहायोकर
अजून सोन्यातच अडकलात? युरोपियमचे चमकणारे कण घ्या, फिकट रेघेचा वादच मिटतो. आमच्या लॅबमध्ये सोनं केव्हाच सोडलं.

सबमिशन_जवळ_आलंय
त्याला रीडर लागतो ना? आमच्याकडे पिपेटच्या टिपासुद्धा मोजून मिळतात. कुणीतरी मूळ प्रश्नाचं उत्तर द्या हो.

बाटलीधुवा
मूळ प्रश्नच अजून पूर्ण विचारलेला नाहीत. एक करा. दोन ट्यूब घ्या. एकीत तुमची अँटीबॉडी. दुसरीत अँटीबॉडी नाही, ती ज्यात आहे ते नुसतं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), तेवढंच. दुसरीही निळी पडली तर अँटीबॉडीचा दोष नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

सबमिशन_जवळ_आलंय
केलं. दुसरीपण निळी 😭 अँटीबॉडी महाग म्हणून मी ती पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं बफर) पातळ केली होती. मग १ मिलि सोन्याला अर्धा मिलि घालत होते. पीबीएस तर सगळेच वापरतात ना?

बाटलीधुवा
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर! पीबीएसमध्ये लिटरला ८ ग्रॅम मीठ असतं. अर्धा मिलि म्हणजे तुम्ही सोन्याचं लोणचं घातलंत. मूळ बाटलीतले चार-पाच मायक्रोलिटर घालून काही बिघडलं नसतं. आता २ मिलिमोलर बोरेट बफरमध्ये पातळ करा, त्यात मीठ नगण्य. कमी-जास्त अँटीबॉडीच्या पाच-सहा ट्यूब लावा, दहा मिनिटं थांबा, मग प्रत्येकीत १० टक्के मिठाचं पाणी, सोन्याच्या एक दशांश. अँटीबॉडीने कण पुरते झाकले गेले असतील तर मिठातही लाल राहतात. ज्या लाल राहतील त्यांतलं सर्वांत कमी प्रमाण धरा, वर थोडं जास्त. शेवटी बीएसए (गाईच्या रक्तातलं साधं प्रथिन) घालून उरलेल्या जागा झाका.

पीएचवाले_काका
आणि सोन्याचा पीएच साडेआठ. नाहीतर पुन्हा इथेच याल.

बाटलीधुवा
हो, तेही करा. काका म्हणतात ते चूक नाही, फक्त आधी नाही.

पीएचवाले_काका
फॅरडेला माझा नमस्कार सांगा.

पपईपान
बोरेट म्हणजे कॅरमबोर्डवर टाकतात ती पावडर का?

सबमिशन_जवळ_आलंय
शनिवार रात्र, अपडेट. १२ मायक्रोग्रॅमला लाल राहिलं!! मीठ घातलं तरी लाल!! बाटलीधुवा आणि काका, दोघांनाही सोमवारनंतर पेढे. पट्टीवर चालवलं, एनएस१ घातलेल्या सीरमला टेस्टची रेघ आली, फिकट आहे पण आहे. फक्त कंट्रोलची रेघच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) येत नाहीये. तिथे विकतची गोट अँटी-माउस (उंदराच्या अँटीबॉडीला पकडणारी, शेळीची अँटीबॉडी) लावली आहे, नेहमीची. आता काय??

बाटलीधुवा
सोन्यावरची तुमची अँटीबॉडी उंदराची आहे की सशाची?

सबमिशन_जवळ_आलंय
सशाची. का?