डिसेंबरची सायकल टूर: दिवेआगर ते रत्नागिरी, रस्ता कुठून धरायचा

ओंकार (बी ३०२): मंडळी, टूरचा रस्ता आज फायनल करून टाकू. ११ जण नक्की झालेत. दिवेआगर ते रत्नागिरी, समुद्राकडेच्या रस्त्याने. ५ दिवस म्हणत होतो पण मला आता ६ हवेत असं वाटायला लागलंय, का ते सांगतो, पण आधी कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. उद्या राहायच्या जागांना फोन लावायचेत

निखिल (ए १०४): दादा ६ कशाला?? मॅपवर टाकून बघितलं, ४ दिवसात होतंय सहज. आणि खाडीखाडीतून फिरण्यापेक्षा माणगावहून सरळ ६६ नंबर हायवे धरू ना, काँक्रीट रस्ता, दिवसाला १०० आरामात

ओंकार (बी ३०२): हायवेला माझा नकार आहे निखिल. गुळगुळीत असेल पण ट्रेलर, टँकर, मुंबईच्या गाड्या सगळं अंगावरून जातं, आपल्यात सई १४ वर्षांची आहे आणि काका ६३ चे आहेत, हँडल धरून नुसतं आरशात बघत १०० किमी जायचं असेल तर ती टूर कशाला. हायवेवरून समुद्र दिसतच नाही, तो सगळा आतून जातो

काका (सी ५०१): ओंकार, माझ्यासाठी कमी करू नकोस हो, मी रोज खडकवासला करतोय. पण हायवे नको हे मात्र खरं.

ओंकार (बी ३०२): काका तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठीच. आता जरा लांब लिहितो, वाचा.
कोकण किनारा सपाट आहे असं सगळ्यांना वाटतं. किनारा सपाट आहे, रस्ता नाही. गाव खाली आगरात असतं, नारळी पोफळी, सावली, थंड. दोन गावांच्या मध्ये खाडी नाहीतर डोंगर, म्हणजे रस्ता गावातून वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर चढतो, सड्यावर काळा कातळ, एक झाड नाही, दोन चार किमी तसंच, मग परत सरळ खाली पुढच्या गावात. दिवसात असं तीन चार वेळा होतं. मॅपवर ५० किमी दिसतात पण पायाला ते घाटातले ५० असतात. म्हणून दिवस किमीवर नका तोडू, चढ किती आणि सडा किती वाजता लागतो त्यावर तोडा. ११ नंतर सड्यावर कुणी असता कामा नये, एवढं एक पाळलं की अर्धी टूर जमली.
हे मी शिकलोय ते असंच. तीन वर्षांपूर्वी एका ग्रुपबरोबर गेलो होतो, रस्ता ज्याने काढला त्याने मॅपवरचा सगळ्यात जवळचा टाकला. गुहागरच्या पुढे डांबर एका वळणावर संपलं आणि लाल माती, जांभ्याचे गोटे, दीड किमी. माझ्यापुढे एक ताई होत्या, २५ मिमीचं बारीक टायर, चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरलं, पाय काढायच्या आत डाव्या कुशीवर पडल्या. एक वाजला होता. कोपरात जांभ्याचा खडा रुतला होता, तो बाटलीतल्या पाण्याने धुवून काढला आणि मग पाणी संपलं. खालच्या वाडीतल्या एका आजींनी कोकमाचं पाणी आणि ओले पंचे दिले, त्यांच्या ओटीवर आम्ही दोन तास बसलो. तेव्हापासून मी जो रस्ता कुणीतरी चालू महिन्यात गाडीने जाऊन डांबर बघितलेला नाही तो प्लॅनमध्ये घेत नाही

मेघाताई (बी ४०१): बापरे. मग हा रस्ता कुणी बघितलाय?

ओंकार (बी ३०२): मी दिवाळीच्या सुट्टीत गाडीने पूर्ण करून आलोय ताई, डायरीत लिहिलंय सगळं.

सुजाता वहिनी (ए २०३): दिवसाप्रमाणे सांगता का, आणि एक, बायकांच्या टॉयलेटचं काय, मागच्या वेळी भोरच्या राइडला फार हाल झाले होते

ओंकार (बी ३०२): वहिनी बरं विचारलंत. थांबे मी त्यावरूनच ठरवलेत, साधारण २० किमीला एक देऊळ किंवा घरगुती खानावळ जिथे आधी फोन करून सांगणार, उघड्या सड्यावर थांबा ठेवलेलाच नाही.
पहिला दिवस दिवेआगर, भरडखोल, शेखाडी करत श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर, ४० च्या आसपास. हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर पट्टा, शेखाडीला रस्ता आणि पाणी यात फक्त काळे दगड, भरतीला तुषार अंगावर येतात.
दुसरा दिवस बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, मांदिवलीवरून केळशी, मग आंजर्ले. वेश्वीनंतरचा चढ पहिला खरा चढ. कड्यावरच्या गणपतीला संध्याकाळी सायकल खाली ठेवून चालत जाऊ.
तिसरा दिवस, इथेच माझं ६ दिवसांचं म्हणणं आहे. आंजर्ल्याहून एका दिवसात दाभोळ ओलांडून गुहागर करता येतं, पण मग हर्णै, मुरुड, कर्दे हे सगळं मान खाली घालून जायचं आणि बुरोंडीचा चढ भर दुपारी. त्यापेक्षा लाडघरला मुक्काम, ३० किमीच. दुपारी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघता येईल.
चौथ्या दिवशी सकाळी ७ ला थंडीत बुरोंडी चढायचं, वर परशुरामाचा मोठा पुतळा आहे तिथे नाश्ता, मग दाभोळ, फेरीने धोपावे, गुहागर.
पाचवा हेदवी, तवसाळ, फेरीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. ६० आहेत, सगळ्यात मोठा दिवस, त्याला आधीचा दिवस हलका लागतोच.
सहावा आरे वारे करून रत्नागिरी, २५ किमी

काका (सी ५०१): मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे. अर्धा तास ठेव तिथे, मुलांना दाखवायचंय.

ओंकार (बी ३०२): ठेवला काका, एक तास.

निखिल (ए १०४): ओके पटलं. पण मग उलटं का नाही, रत्नागिरीहून वर? आपण डावीकडून चालवतो ना, मग समुद्र आपल्याच बाजूला येईल

ओंकार (बी ३०२): प्रश्न एकदम बरोबर आहे, मी पण दोन दिवस यावर अडलो होतो. खाली जाताना समुद्र उजवीकडे, रस्त्यापलीकडे. पण हिवाळ्यात दुपारी किनाऱ्यावर वारा वायव्येकडून येतो, दक्षिणेला जाताना तो पाठीवर, उलट आलो तर छातीवर. दमलेल्या माणसाला चढापेक्षा समोरचा वारा जास्त खचवतो, चढ संपतो तरी. फक्त एक, फोटोसाठी कुणी चालत्या सायकलवरून उजवीकडे कापायचं नाही, डावीकडे थांबायचं, उतरायचं, मागे बघायचं, चालत ओलांडायचं. आरे वारेच्या वरच्या वळणावर हे परत सांगणार, तिथे पर्यटकांच्या गाड्या अचानक थांबतात

मेघाताई (बी ४०१): फेरीत सायकली घेतात ना नक्की?

ओंकार (बी ३०२): हो ताई, गाड्या घेतात तशा सायकली पण, तिन्ही ठिकाणी. चढताना लोखंडी रॅम्पवर ओली शेवाळं असतात, ढकलतच न्यायची. वेळा आदल्या संध्याकाळी जेट्टीवर विचारून घेणार, आणि ११ जण एकाच फेरीत, कुणी पुढे निघून जायचं नाही

सुजाता वहिनी (ए २०३): सईला उतारांची भीती वाटते, चढ करते ती

ओंकार (बी ३०२): वहिनी ते आधीच घालवू. उतारावर दोन सायकलींमध्ये ५ सायकली मावतील एवढं अंतर, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही, दोन्ही ब्रेक थोडे थोडे सोडत धरत. मी तिच्या मागे राहीन. सगळ्यात शेवटी मी आणि सपोर्ट टेम्पो, जो सगळ्यात मागे त्याचा वेग तो ग्रुपचा वेग.

निखिल (ए १०४): मला एक रजा जास्त टाकावी लागेल, बघतो. टाकतोच. पंक्चर किट, दोन पंप आणि सगळ्यांच्या साइझच्या ट्यूब माझ्याकडे लिहून घे

ओंकार (बी ३०२): घेतलं. सगळ्यांनी आपापल्या टायरचा साइझ टायरवर बघून इथे टाका, अंदाजाने नको. रविवारी ६ ला गेटवर, बोपदेव घाट एकदा चढून उतरून येऊ, दिवे आणि मागचा लाल लाइट लावून. टेम्पोवाल्याला ताम्हिणीमार्गे सांगतोय, शुक्रवारी पहाटे ५ ला सायकली भरायच्या, जुन्या चादरी आणा गुंडाळायला

काका (सी ५०१): ७०० गुणिले ३५. चादरी दोन आणतो.

सुजाता वहिनी (ए २०३): सईची २६ गुणिले १.९५ आहे, आत्ताच बघून आली खाली जाऊन