गुळवेल आणि यकृत: मुंबईचा तो अभ्यास खरंच मोडीत काढण्यासारखा होता का?

तिठा (धागाकर्ता)

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर गुळवेलीच्या काढ्याची कृती फिरायला लागते. यंदा मी त्याखाली एवढंच लिहिलं की थायरॉइड, मधुमेह किंवा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते असा) आजार असलेल्यांनी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. तासाभरात 'फार्मा कंपन्यांचा माणूस' हा किताब पदरात पडला. इथले लोक भांडतात, पण वाचून भांडतात, म्हणून इथे मांडतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे हेपॅटायटिसचे ६ रुग्ण आले. सगळे गुळवेल घेत होते. त्यातल्या एका बाईंना आधीपासून यकृताचा छुपा आजार होता, त्या दगावल्या. हा अहवाल २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपरिमेंटल हेपॅटॉलॉजी'त छापून आला. आयुष मंत्रालयाने लगेच पत्रक काढलं: घेतलेल्या वनस्पतीचं विश्लेषण केलेलं नाही, ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल, आणि गुळवेलीचा संबंध यकृताच्या इजेशी जोडणं दिशाभूल करणारं आहे. पुढे २०२२ मध्ये देशातल्या ९ ठिकाणच्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास 'हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जे नमुने हाती लागले ते तपासलेही होते. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ होता ४६ दिवस. मंत्रालयाचं उत्तर पुन्हा तेच: गुळवेल सुरक्षित आहे.

माझं मत असं की ६ रुग्णांवरून गुळवेल विषारी ठरत नाही, आणि तसं त्या डॉक्टरांनी म्हटलेलंही नाही. पण हा धोक्याचा इशारा होता. इशारा मिळाल्यावर पत्रक काढायचं नसतं, अभ्यास काढायचा असतो. ऑक्टोबर २०२० च्या कोविड नियमावलीत गुडूची घनवटी (गुळवेलीच्या साराची गोळी) दिवसातून दोनदा घ्या असं सांगणारं हेच मंत्रालय होतं. मग ती घेतलेल्या काही हजार लोकांची आधी-नंतरची एसजीपीटी (यकृताच्या इजेची रक्तचाचणी) तपासणं कोणाचं काम होतं?

पंचवल्ली

मी आयुर्वेदाची पदवी घेतलेली, गेली अनेक वर्षं दवाखाना चालवणारी बाई आहे, त्यामुळे माझा पक्ष आधीच सांगून टाकते.

पहिली गोष्ट ओळखीची. गुळवेलीच्या खोडावर कागदासारखी पातळ साल असते, ती नखाने सुटते आणि आत हिरवं दिसतं. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात. पानं मात्र दोन्हींची हृदयाच्या आकाराची. कोविडच्या काळात लोकांनी कुंपणावरची, बागेतली, रेल्वेच्या भिंतीवरची जी वेल दिसली ती तोडून उकळली. ६ रुग्णांच्या अहवालात 'गुळवेल' असं जे लिहिलंय ते रुग्णाच्या सांगण्यावरून. उद्या मी माझ्या केसपेपरवर 'रुग्णाने पांढरी गोळी घेतली' एवढं लिहून पॅरासिटामॉलला दोष दिला तर चालेल का?

दुसरी गोष्ट. प्रकृती न बघता, ऋतू न बघता, महिनोन्‌महिने रोज उपाशीपोटी घनवटी हा आयुर्वेद नाही. तो व्हॉट्सॲपवेद आहे. त्याचं बिल आमच्या नावावर फाडू नका.

तिसरी, आणि ही कुणाला आवडणार नाही. औषधांनी यकृताला होणाऱ्या इजेचा भारतीय नेटवर्कचा मोठा अभ्यास आहे, १२८८ रुग्णांचा, १६ केंद्रांचा. त्यात टीबीच्या औषधांमुळे ४६.४ टक्के, तर आयुर्वेदिक आणि इतर पर्यायी औषधं सगळी मिळून १३.९ टक्के. टीबीच्या गोळ्यांवर कुणी 'रोखठोक' धागा काढलेला मला तरी दिसला नाही.

सूक्ष्मदर्शक

पंचवल्ली, तो १२८८ चा आकडा बरोबर आहे, पण तुमच्या बाजूने बोलत नाही. टीबीच्या गोळ्या टीबी झालेल्याला देतात. न दिल्या तर माणूस मरतो. शिवाय देताना कावीळ, मळमळ, लघवी गडद होणं याबद्दल सांगतात, आणि रक्तातले यकृताचे एन्झाइम वाढले की गोळ्या थांबवून एकेक करत परत सुरू करतात. गुळवेल धडधाकट माणसाने 'इम्युनिटी'साठी घेतली. फायदा सिद्ध नाही तिथे थोडा धोकाही महाग पडतो. आणि दुसऱ्या क्रमांकावर १३.९ टक्के हा काही अभिमानाचा आकडा नव्हे.

ओळखीचा मुद्दा २०२१ मध्ये रास्त होता. २०२२ मध्ये नमुने तपासले गेल्यानंतर तो तेवढ्याच जोरात मांडता येत नाही.

मी पॅथॉलॉजीत आहे. या रुग्णांच्या बायोप्सीत जे दिसलं ते महत्त्वाचं आहे: प्लाझ्मा पेशींची गर्दी, पोर्टल भागाच्या कडेने यकृतपेशींची पडझड. म्हणजे चित्र ऑटोइम्यून हेपॅटायटिसचं. गुळवेल प्रतिकारशक्ती चाळवते हा तर तिचा जाहिरातीतला गुण. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या अवयवांवर उलटायच्या बेतात आहे त्याच्यात ती चाळवली तर काय होईल, हा प्रश्न सुचायला फार हुशारी लागत नाही.

आडवाट

मला दोन्ही बाजूंचं पटत नाहीये. दोष मोजायची पद्धतच बघा ना.

औषधाने यकृताला इजा झाली हे सांगणारी एकही रक्तचाचणी नाही. मग वापरतात रुकॅम नावाचं गुणपत्रक, १९९३ पासूनचं. औषध सुरू केल्यावर ५ ते ९० दिवसांत त्रास झाला, २ गुण. बंद केल्यावर ८ दिवसांत एसजीपीटी निम्म्याने उतरलं, ३ गुण. वय ५५ किंवा जास्त, १ गुण. इतर कारणं नाकारता आली तर गुण मिळतात, नाही आली तर कापले जातात. ६ ते ८ म्हणजे 'बहुधा हेच', ९ किंवा जास्त म्हणजे 'जवळजवळ नक्की'.

आता गंमत. एक रकाना आहे 'या औषधाने यकृताला इजा होते हे पूर्वी माहीत आहे का'. वेष्टनावर इशारा असेल तर २, नुसतं कुठे छापून आलं असेल तर १. म्हणजे मुंबईचा अहवाल छापून आल्यावर पुढच्या प्रत्येक गुळवेल-रुग्णाला १ गुण फुकट. एक अहवाल पुढच्या अहवालाला जन्म देतो.

दुसरं, हे रुग्ण ऑटोइम्यूनसारखे दिसले की स्टेरॉइड सुरू होतं. मग एसजीपीटी उतरलं ते गुळवेल थांबवल्यामुळे की स्टेरॉइडमुळे? त्या ३ गुणांचा हिशेब कसा लावणार? मूळचा ऑटोइम्यून हेपॅटायटिस असलेला, योगायोगाने गुळवेल घेणारा माणूसही असाच दिसेल. आणि २०२० मध्ये गुळवेल कोण घेत नव्हतं?

खमंग_काकडी

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. चालू द्या.

तिठा

आडवाट, स्टेरॉइडचा मुद्दा नेमका आहे, मान्य. पण सगळ्यांना स्टेरॉइड दिलं नव्हतं, आणि खरा निवाडा पुढे होतो. मूळच्या ऑटोइम्यून हेपॅटायटिसमध्ये स्टेरॉइड काढलं की आजार बहुतेकदा परत डोकं वर काढतो. औषधामुळे उठलेला असेल तर काढल्यावरही माणूस ठीक राहतो. म्हणून दोन-चार वर्षं त्याच रुग्णांच्या मागे राहणं गरजेचं आहे. हे ६ रुग्णांच्या अहवालातून मिळत नाही, हे मीच म्हणतोय.

छापून आल्याचा १ गुण हा रडीचा डाव वाटतो खरा, पण बाकीचे गुण ५ असतील तरच त्या एकाने पारडं 'बहुधा हेच'कडे फिरतं.

आणि 'कोटी लोक घेतात, ६ जणांना झालं' हा युक्तिवाद अजून आला नाही, येण्याआधीच उत्तर देतो. दहा हजारांत एकाला होणारा त्रास एकदा तरी दिसायला हवा असेल तर साधारण तीस हजार माणसं तपासावी लागतात. बहुतेक औषधचाचण्या एवढ्या मोठ्या नसतात. असले त्रास नेहमी अशा तुटपुंज्या अहवालांतूनच कळत आलेत. ट्रोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध अमेरिकेत चाचण्या पार करून बाजारात आलं आणि यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळे २००० मध्ये मागे घ्यावं लागलं. ॲलोपॅथीवाले तिथे पत्रक काढत बसले असते तर?

माजघर

आमच्या सासूबाई वर्षानुवर्षं गुळवेल घेतात, काही झालेलं नाही. इकडे शेजारच्या काकांना साध्या तापाच्या अँटिबायोटिकने कावीळ झाली. तुम्ही शिकलेले लोक कागदावर गुण मोजा.

सूक्ष्मदर्शक

माजघर, सासूबाईंना उदंड आयुष्य लाभो. पण शेजारच्या काकांवरून अँटिबायोटिक वाईट ठरत असेल, तर त्या ६ रुग्णांवरून गुळवेल का नाही? एकतर दोन्ही धरा नाहीतर दोन्ही सोडा.

पंचवल्ली

तिठा, ट्रोग्लिटाझोनचं उदाहरण दिलंत, मी कावाचं देते. पॅसिफिक बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात कालवून पितात ती मुळी. युरोपात तिच्या अर्काच्या गोळ्या निघाल्या, यकृताच्या इजेचे अहवाल आले, २००२ मध्ये जर्मनीने बंदी घातली. २०१४ मध्ये तिथल्याच न्यायालयाने ती बंदी उठवली, पुरावा पुरेसा नव्हता म्हणून. अहवाल आला की दार बंद, असं करायचं ठरवलं तर कुठलीच वनस्पती उरणार नाही. आणि पाण्यातला काढा आणि कारखान्यातला अर्क यांत फरक असतो हेही त्यातून निघालं. घनवटीत किती किलो गुळवेलीचं सार किती मिलिग्रॅममध्ये कोंबलंय हे मला वैद्य असून वेष्टनावरून कळत नाही. माझा राग तिथे आहे.

मंत्रालयाच्या पत्रकाबद्दल म्हणाल तर भाषा चुकली. ग्रंथोक्त औषधाला परवान्यासाठी सुरक्षिततेची चाचणी लागत नाही, असा १५८-ब हा नियमच आहे. त्यामुळे आमच्याकडे आकडे नसतात, आणि आकडे मागितले की आमचे लोक परंपरा काढतात. पण म्हणून यकृततज्ज्ञांनी एकाही वैद्याला सोबत न घेता गुळवेलीवर निकाल द्यावा हेही मला पटत नाही. वेल ओळखता येणारा एक माणूस शोधायला किती वेळ लागतो?

आडवाट

हे मात्र लाख बोललात. आयुषने २०१८ पासून आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी यंत्रणा उभी केली आहे, दिल्लीत राष्ट्रीय केंद्र आहे. तुमच्या ओळखीतल्या किती वैद्यांनी तिथे एक तरी फॉर्म भरलाय? खरं सांगा.

पंचवल्ली

फार थोड्यांनी. भरला की 'तुमच्या औषधाने कावीळ झाली' हे गावभर होतं, ही भीती. ॲलोपॅथीच्या दवाखान्यांतूनही असे फॉर्म भरभरून जातात असं मला वाटत नाही.

निळी_छत्री

मध्येच विचारते, माफ करा. मला हाशिमोटोचा, म्हणजे ऑटोइम्यून थायरॉइड आहे, गोळी चालू आहे. आणि ओळखीच्यांनी दिलेलं गुळवेल सत्त्व दोन-तीन महिने घेतेय. आता हे वाचून पोटात गोळा आला. काय करू?

तिठा

आजच बंद करा. नंतर एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन करून घ्या. थायरॉइडची गोळी थांबवू नका.

पंचवल्ली

घाबरू नका. सत्त्व म्हणजे बहुतांश पिष्ट असतं, घनवटी नव्हे. अर्थात डबीत खरंच सत्त्वच आहे का हा वेगळा प्रश्न. सत्त्व आज थांबवा याला माझीही हरकत नाही, पण तिठा म्हणतात तसं 'नंतर' नको, उद्या सकाळीच रक्त द्या. पंधरा दिवसांनी तपासलंत आणि सगळं ठीक निघालं तर सत्त्वाने काही झालंच नव्हतं की होऊन उतरलं, ते कुणालाच कळणार नाही.

सूक्ष्मदर्शक

या एका बाबतीत वैद्यबाईंना माझा पाठिंबा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली तर मात्र रिपोर्टची वाट न बघता थेट डॉक्टर गाठा. आणि डबी फेकू नका. झाकण लावून, वर तारीख टाकून ठेवून द्या. रिपोर्ट वाईट आला तर आत काय होतं ते तपासायला नमुना लागेल.